हत्यारं सगळी आहेत, मग द्यायचं काय?

सुतारकामाची हौस असलेल्या माणसाला हत्यार भेट देऊ नये, हे माझं ठाम मत आहे. घरात असा माणूस आहे म्हणून बोलते. आमचे हे चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. निवृत्त झाल्यापासून मागच्या अंगणातली पत्र्याची शेड हेच त्यांचं राज्य. भिंतीवर पटाश्या, म्हणजे लाकूड तासायच्या रुंद छिन्न्या, मापाने लावलेल्या, पाव इंचीपासून दीड इंचीपर्यंत. लाकडी रंधे, लोखंडी रंधे, करवती, गुण्या, कानशी, मोगऱ्या, शिवाय ड्रिल, लाकडात खाचा पाडणारं राउटर, मेजात बसवलेली विजेची करवत म्हणजे टेबलसॉ. दिवाळी जवळ आली किंवा ह्यांचा वाढदिवस आला की फोन मला येतात. "काकू, काकांना काय घेऊ? त्यांच्याकडे तर सगळंच आहे." भाचीचाही हल्ली असाच फोन झाला, तिच्या नवऱ्यासाठी. म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते.

हत्यार का नको, ते आधी सांगते. दुकानातून आणलेला रंधा लगेच चालत नाही. त्याचा तळ सपाट करावा लागतो, पात्याची पाठ घासून आरशासारखी करावी लागते, धार लावावी लागते, मग पातं किती बाहेर काढायचं ते हाताला कळतं. हे सगळं करून झालेला रंधा ज्याच्याकडे आहे, त्याला दुसरा तसाच रंधा देणं म्हणजे कामाला लावणं. आणि ज्याने एकेक हत्यार पारखून घेतलं आहे त्याला कुठलं पोलाद हवं, मूठ केवढी हवी, हे बाहेरच्या माणसाला कळणार कसं? एका पुतण्याने मोठ्या प्रेमाने पटाश्यांचा अख्खा संच पाठवला होता, चकचकीत पेटीत. पोलाद मऊ निघालं. सागवानात दोन ठोके घातले की धार वळते. प्रेमाने दिलेली वस्तू म्हणून ती पेटी फळीवर आहे.

मी शेडमध्ये चहा घेऊन जाते तेव्हा बघत असते. काय संपतं, काय बोथट होतं, काय गंजतं, आणि गरज असूनही हे कशावर पैसे खर्च करत नाहीत. भेट शोधायची ती इथे.

सगळ्यात आधी लाकूड. हत्यारं कितीही असोत, चांगलं लाकूड कोणाकडेच पुरेसं नसतं. असलं तर ते "कुठल्या तरी चांगल्या कामासाठी" राखून ठेवलेलं असतं आणि त्याला हात लावायचा धीर होत नाही. दुसऱ्याने दिलेला तुकडा मात्र लगेच कामाला येतो, असं मी पाहिलं आहे.

पुण्यात लाकूड घ्यायचं तर भवानी पेठेतलं टिंबर मार्केट. तिथे भाव घनफुटावर चालतो. भेटीसाठी घनफूटभर लाकूड लागत नाही. दोन-अडीच फूट लांब, सहा-आठ इंच रुंद आणि इंच-दीड इंच जाड अशी एक-दोन फळकुटं पुष्कळ झाली. एवढ्यात छानशी पेटी होते. रंधा मारलेली, गुळगुळीत केलेली फळी मागू नका. करवतीतून निघालेली खरखरीत फळीच मागा, कारण पृष्ठभाग काढायचं काम त्या माणसाला स्वतः करायचं असतं. लाकडाची टोकं बघा, तिथे चिरा गेलेल्या असतील तर तेवढी लांबी वाया जाते. फळी डोळ्यासमोर आडवी धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बघितलं की पीळ आहे का ते समजतं. बारीक भोकं दिसली आणि टिचकी मारल्यावर त्यातून ताजी पिवळसर पूड पडली, तर आत कीड जिवंत आहे. ती फळी घरी आणू नका, शेडमधल्या बाकीच्या लाकडालाही लागते.

जुनं सागवान मिळालं तर सोन्याहून पिवळं. पुण्यात वाडे पडतात तेव्हा त्यांच्या तुळया, खांब, दरवाज्यांच्या चौकटी विकायला येतात. वाडा पडण्याचं मला वाईट वाटतं, पण ते लाकूड जळणात जाण्यापेक्षा कोणाच्या हाती लागलेलं बरं. अशा तुळया बहुतेक मोठ्या झाडांच्या गाभ्याच्या असतात. कित्येक पावसाळे आणि उन्हाळे सोसून त्या पुरत्या वाळलेल्या असतात. वरून काळपट, मळकट दिसतात, पण रंध्याचा पहिला हात फिरला की आतून मधाचा रंग निघतो आणि सागाचा तो तेलकट वास येतो. घेताना एक छोटं लोहचुंबक खिशात न्या. जुन्या तुळईत मोडलेले खिळे लपलेले असतात. एक खिळा राहिला तर रंध्याचं पातं गेलंच, टेबलसॉचं पातं गेलं तर अंगावर उडायचीही भीती.

सागवान सगळे देतात. पण वेगळं लाकूड दिलंत तर माणूस दिवसभर खूश. फणसाचं लाकूड ताजं कापलं की हळदीसारखं पिवळं असतं, पुढे हवा-उजेड लागून तपकिरी होत जातं. कोकणात कोणाचं घर असेल तर वाऱ्याने पडलेल्या फणसाची फळी सहज मिळते. बाभळीचं लाकूड हत्यारांच्या मुठींना आणि मोगरीला उत्तम, घाव सोसतं. शिवणीचं हलकं आणि स्थिर. हेदीचं पिवळं, बारीक पोताचं, कातकामाला, म्हणजे लेथवर फिरवून घडवायला, गोड. शिसव तर शिसवच, त्याच्या जांभळट काळ्या रेघा बघत हे नुसते बसून राहतात. सतार-तंबोऱ्याला लागणारं तूनाचं लाकूड मिरजेत वाद्यं करणाऱ्यांकडे असतं. ओळख असेल तर त्यांच्याकडे उरलेला तुकडा मागून बघा.

एक अट मात्र आहे. लाकूड ओलं असेल तर दिल्याबरोबर त्याचं काही करता येत नाही. उघड्या हवेत वाळवायचं तर इंचभर जाडीला वर्षभर, असा ढोबळ हिशेब आहे. कोकणातून आणलेली फळी आमच्याकडे उन्हाळ्यात चांगलीच आकसते. तीही सगळ्या बाजूंनी सारखी नाही. वर्षवलयांच्या दिशेने लाकूड जेवढं आकसतं, ते गाभ्याकडून सालीकडच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट असतं, आणि लांबीत तर जवळजवळ नाहीच. म्हणून घाईने केलेल्या पेटीची झाकणं वाकतात. ह्यावरूनच मला एक भेट सुचली होती आणि ती फार उपयोगी पडली: ओलावा मोजायचं छोटं यंत्र. दोन टोकदार पिना लाकडात रुतवल्या की टक्केवारी दाखवतं. पुण्याच्या हवेत घरातल्या कामासाठी १० ते १२ टक्क्यांच्या आसपास आलेलं लाकूड चालतं. हेही हत्यारच म्हणाल, पण ज्यांच्याकडे सगळं असतं त्यांच्याकडेही हे बरेचदा नसतं, कारण "हाताला कळतं की" असं म्हणून चालढकल झालेली असते.

लाकडानंतर माझा जीव धारेवर. पटाशी बोथट असली की जास्त जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की ती निसटून हातात घुसते. धारदार पटाशी उलट सुरक्षित असते. आपल्याकडे पूर्वीपासून कुरुंदाचा दगड, दुरंगी, एक बाजू जाड आणि एक बारीक. तो सगळ्यांकडे असतो. त्याच्या पुढचे, पाणी लावून वापरायचे दगड मिळतात, १००० नंबरचा धार काढायला आणि ६००० नंबरचा चकाकी आणायला. ते असतील तर दगड सपाट करायची हिऱ्याच्या कणांची पट्टी द्या. घासून घासून दगड मधे खोलगट होतो आणि मग पात्याची धार सरळ येत नाही. तेव्हा दगड सपाट करायची सोय हवीच, पण हौशी माणसं दगडावर खर्च करतात आणि ह्या पट्टीपाशी हात आखडतात.

आणि धार लावून झाल्यावर शेवटचा हात फिरवायला कातडं. ही भेट मला सगळ्यात जास्त आवडते कारण ती आपल्या मातीतली आहे. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं, घट्ट आणि टणक. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांना मिळून. चपला करणाऱ्यांकडे अशा कातड्याची पट्टी मागितली तर मिळते. तीन इंच रुंद, दहा-बारा इंच लांब. ती सपाट फळीच्या तुकड्यावर चिकटवायची आणि वर क्रोमियम ऑक्साइडची हिरवी वडी घासायची. पातं नेहमी मागे ओढायचं, पुढे ढकलायचं नाही, नाहीतर कातडं कापलं जातं. आठ-दहा वेळा ओढलं की हातावरचे केस निघतील अशी धार. ह्यांची पट्टी आता काळी पडली आहे, पण हे ती बदलू देत नाहीत.

टेबलसॉ असेल तर त्याची पाती बघा. दातांना कार्बाइडची टोकं लावलेली असतात, ती घरी धारेला लागत नाहीत. बोथट झालेली दोन-तीन पाती प्रत्येक शेडमध्ये खिळ्याला टांगून ठेवलेली असतात, "नेऊ कधीतरी" म्हणून. विचारून ती घेऊन जा, धार लावून देणाऱ्याकडून करवून आणा. नवीन वस्तू नाही, वेष्टन नाही, पण परत आलेल्या पात्याने पहिली फळी कापली की माणसाचा चेहरा बघण्यासारखा होतो.

पावसाळ्यात गंज हा मोठा शत्रू. ह्यांच्या पटाश्यांसाठी मी जाड कॅनव्हासची वळकटी शिवली आहे, प्रत्येक पटाशीला वेगळा कप्पा, टोकाच्या जागी कापडाचे दोन थर. शिवणकाम येणाऱ्या कोणालाही जमेल, फक्त मापं त्या हत्यारांवरूनच घ्या. चामड्याची वळकटी दिसायला देखणी असते, पण साल-हिरड्याने कमावलेल्या कातड्यातल्या द्रव्यांनी पोलाद गंजतं, म्हणून त्यात हत्यारं कायमची ठेवू नयेत. धार लावायला कातडं, ठेवायला कापड. सोबत शिलाई मशीनच्या तेलाची बाटली आणि सिलिका जेलच्या पुड्या दिल्यात तर भेट पूर्ण झाली. तेलाचा पुसट हात लावून ठेवलेली पटाशी श्रावणातही चमकते.

पॉलिशच्या बाबतीत मी चपडा लाख सुचवीन. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर राहणाऱ्या किड्यांपासून लाख मिळते, ती शुद्ध करून पातळ पापुद्रे करतात, तो चपडा. अर्धा लिटर स्पिरिटमध्ये ६० ग्रॅम चपडा टाकला तर पातळ पॉलिश होतं, १२० ग्रॅम टाकला तर दाट. रात्रभर भिजवायचा, मधूनमधून हलवायचा, मग कापडातून गाळून घ्यायचा. तयार बाटलीपेक्षा कोरडा चपडा द्यावा, कारण विरघळवलेली लाख काही महिन्यांनी नीट वाळेनाशी होते, चिकट राहते. हे पॉलिश हातानेच लावायचं, कापसाचा बोळा आणि त्यावर मऊ सुती कापड अशी पुरचुंडी करून. इथे जुन्या धोतरांना आणि मऊ झालेल्या सुती साड्यांना तोड नाही. मी अशा कापडाचे तुकडे धुऊन, वाळवून, चौकोनी कापून डब्यात भरून देते. एका पैशाचा खर्च नाही आणि ह्यांना ह्याहून प्रिय काही नाही. नव्या कापडाची तुसं पॉलिशला चिकटतात, जुन्याची नाही.

कोणी जवसाचं तेल देणार असाल तर एक गोष्ट नक्की सांगा, अगदी चिठ्ठी लिहून. तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकायची नाहीत. हे तेल वाळताना उष्णता निर्माण होते, गोळा करून टाकलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. पसरून, दोरीवर मोकळं वाळवायचं. स्पिरिटही गॅस, समई, उदबत्ती सगळ्यांपासून लांब.

आता ज्याच्यासाठी मी खरं भांडते ते. मास्क. लाकडाचा भुसा निरुपद्रवी, असं पुष्कळांना वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं, मुख्यतः नाकाच्या आणि सायनसच्या कर्करोगामुळे. रंध्याने निघणाऱ्या जाड सालपटांची एवढी भीती नाही. पॉलिशपेपरने घासताना उडणारी, उन्हाच्या तिरिपेत तरंगणारी बारीक धूळ घातक. शिसवीच्या धुळीने तर काहींना कातडीवर पुरळ येतं, शिंका येतात. तोंडाला रुमाल बांधून ती थांबत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा, फिल्टर बदलता येणारा मास्क घ्या आणि सोबत फिल्टरच्या दोन-तीन जोड्या घ्या, कारण फिल्टर संपले की मास्क खुंटीवर जातो. राउटरच्या आवाजासाठी कान झाकणारे मफही घ्या. हौशी लोक यातलं काहीच स्वतःहून घेत नाहीत. पत्नीने, लेकीने, सुनेनेच घ्यायचं आणि वापरायला लावायचं.

चांगला उजेड हीसुद्धा अशीच राहून गेलेली गोष्ट. लोहचुंबकाच्या बैठकीचा, मान वळवता येणारा छोटा एलईडी दिवा. फळीला समांतर तिरपा उजेड टाकला की रंध्याची प्रत्येक रेघ, पॉलिशपेपरचा प्रत्येक ओरखडा उठून दिसतो. साठी ओलांडलेल्या डोळ्यांना तर फारच मदत.

पितळी बिजागऱ्या आणि कड्या-कोयंडे शोधायचे तर रविवार पेठेतली बोहरी आळी. जुनं पितळ हवं असेल तर जुना बाजार, तो रविवारी आणि बुधवारी भरतो. पेटी कितीही सुबक असो, पत्र्याची बिजागरी लावली की शोभा गेली. जुन्या जड बिजागऱ्यांची जोडी हाताने उघड-मीट करून बघा, खिळखिळी नको, आणि दोन्ही एकाच मापाच्या आहेत ना ते तपासा. सोबत पितळी स्क्रू द्या आणि त्याच मापाचे लोखंडी स्क्रूही. पितळ मऊ असतं, टणक लाकडात फिरवताना त्याचं डोकं तुटून येतं. आधी लोखंडी स्क्रू फिरवून आटे पाडून घ्यायचे, तो काढायचा, मग पितळी बसवायचा. हे मी ह्यांच्याकडूनच शिकले.

वस्तूच द्यायला हवी असंही नाही. गेल्या हिवाळ्यात मुलाने ह्यांना कार्ल्याच्या लेण्यांत नेलं होतं. चैत्यगृहाच्या छताला आतून लाकडी कमानी आहेत, त्या मूळच्या, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या. दगडात कोरलेल्या लेण्याला लाकडी कमानींची काहीच गरज नव्हती. पण आधीच्या लाकडी इमारती कशा दिसत ते कोरणाऱ्यांच्या हातात होतं, म्हणून त्या बसवल्या. स्तूपावरची छत्रीही लाकडाची. हे मान वर करून किती वेळ उभे होते! घरी येऊन कमानी कशा वाकवल्या असतील, कशा अडकवल्या असतील, ह्याची चित्रं काढत बसले. पुण्यातच जायचं तर १८०७ साली बांधलेला विश्रामबागवाडा आहे, त्याचं दर्शनी कोरीव काम आणि सुरूच्या आकाराचे खांब बघायला. केळकर संग्रहालयातले कोरीव दरवाजे आहेत. लांब जायची तयारी असेल तर सावंतवाडीची चितारआळी, जिथे लाकडी फळं-खेळणी करणारे कारागीर आहेत. अशा ठिकाणी जाताना सोबत असा माणूस जावा ज्याला परतायची घाई नाही.

ह्या भेटी कधी द्यायच्या, तर माझ्या मते खंडेनवमीला. त्या दिवशी आमच्याकडे सगळी हत्यारं पुसून, तेल लावून पाटावर मांडतात, हळद-कुंकू वाहतात, झेंडूचं फूल ठेवतात. चपड्याचा डबा, कातड्याची पट्टी, वाड्याच्या तुळईचा तुकडा त्या पूजेतच ठेवला की वेगळं वेष्टन लागत नाही. शिवाय पावसाळा संपलेला असतो, हवा कोरडी होत जाते, म्हणजे नवीन लाकूड पुढच्या उन्हाळ्यापर्यंत शेडमध्ये रुळतं.

आता भाचीसाठी, कारण तिचा नवरा मेलबर्नला आहे आणि तिला इथून काहीतरी न्यायचं आहे. बाई, शिसव नेऊ नकोस. २०१७ च्या सुरुवातीपासून शिसवीच्या सगळ्या कुळावरच आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आहेत, कागदपत्रांशिवाय विमानतळावर अडकशील. ऑस्ट्रेलियात तर कुठलंही लाकूड नेलं तरी ते जाहीर करावं लागतं, आणि साल किंवा कीड दिसली की ठेवून घेतात. कातडं नेलंस तर तेही जाहीर कर. सगळ्यात सोपा चपडा, हलका आणि कोरडा, त्याची पाकिटावरची चिठ्ठी काढू नकोस म्हणजे विचारलं तर दाखवता येईल. स्पिरिट विमानात चालत नाही, ते तिथेच घ्या. आणि माझ्याकडच्या जुन्या सुती साडीचे तुकडे धुऊन-कापून तयार आहेत, येशील तेव्हा घेऊन जा.